दर पिढीला सर्वांत मोठे मासे निवडूनही वाढ का थांबते?

तळेकाठ

काढणीला तळ्यातले सर्वांत मोठे मासे बाजूला काढायचे आणि त्यांनाच पुढचे प्रजनक करायचे, ही पद्धत सगळीकडे दिसते. मोठ्यांची पिल्लं मोठी, असा साधा हिशोब. पण रोहू घ्या, सायप्रिनस (कॉमन कार्प) घ्या की तिलापिया, अशी निवड चार-पाच पिढ्या चाललेल्या ठिकाणी वाढ बहुधा आहे तिथेच असते. काही ठिकाणी घटलेलीही असते. उलट नॉर्वेचा सामन (सॅल्मन) आणि गिफ्ट हा निवडीने सुधारलेला तिलापियाचा वाण यांत पिढीमागून पिढी फायदा मिळत गेला.

तत्त्व तेच असेल तर फरक नेमका कुठे पडतो? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. आणि ज्या बीजकेंद्राकडे मोठी प्रयोगशाळा नाही, त्याने निवड करावी की नाही, करावी तर कशी, यावरही बोलावं.

पाणकावळा

आधी खाद्य, प्राणवायू आणि साठवणुकीची घनता बघा. दहापैकी आठ वेळा उत्तर तिथेच असतं, जनुकांपर्यंत जावंच लागत नाही.

जनुकरेषा

पाणकावळा, तळं नीट नसेल तर चांगलं बीजही वाढणार नाही, हे मान्य. पण प्रश्न वेगळा आहे. तळं नीट ठेवूनही निवडीचा परिणाम का दिसत नाही, हे विचारलंय. त्याचा हिशोब मांडतो.

पुढच्या पिढीत मिळणारी वाढ = आनुवंशिकता गुणांक × निवडीतलं अंतर. निवडीतलं अंतर म्हणजे निवडलेल्या माशांची सरासरी वजा सगळ्या तळ्याची सरासरी. काढणीच्या वजनाचा आनुवंशिकता गुणांक बहुतेक पाळीव माशांत ०.२ ते ०.४ च्या घरात असतो. वजनातला जो फरक डोळ्यांना दिसतो, त्याचा पाचवा हिस्सा ते फार तर चाळीस टक्के पिल्लांकडे जाण्याजोगा. उरलेला त्याच माशाबरोबर संपतो.

उदाहरण घ्या. तळ्याची सरासरी ८०० ग्रॅम, प्रमाण विचलन २०० ग्रॅम. वरचे ५ टक्के निवडले तर त्यांची सरासरी साधारण १२१२ ग्रॅम येते, म्हणजे अंतर ४१२. गुणांक ०.२५ धरला तर मिळकत १०३ ग्रॅम. पुढच्या पिढीची सरासरी ९०३ येईल, १२१२ नाही. बाराशेची अपेक्षा ठेवून बसलेल्याला हे अपयश वाटतं. खरं तर एका पिढीत जवळजवळ १३ टक्के वाढ मिळाली आणि याहून फार जास्त कुणालाच मिळत नाही. चांगल्या कार्यक्रमांत दर पिढीला १० ते १५ टक्के हीच नेहमीची मजल.

आणि हे नर-मादी दोन्ही बाजू निवडल्या तर. माद्या निवडून घेतल्या आणि नर हाती लागतील ते वापरले, तर मिळकत थेट निम्मी.

शेवाळ

पण ८०० चे ९०३ झाले हे कळणार कसं? एखाद्या वर्षी पाणी उबदार राहिलं किंवा खाद्याची खेप बरी आली, तरी सरासरी शंभर ग्रॅमने हलते.

जनुकरेषा

नेमकं बोललात. म्हणूनच नियंत्रण गट लागतो. ज्या पिढीतून मोठे मासे निवडले, तिच्यातूनच सरासरी वजनाचे काही नर-मादी वेगळे ठेवायचे आणि त्यांचंही बीज त्याच आठवड्यात काढायचं. दोन्ही गटांची पिल्लं एकाच वयाची, एकाच तळ्यात, खूण करून सोडायची. त्यांच्यातला फरक म्हणजे निवडीची मिळकत. गेल्या वर्षाशी केलेली तुलना या कामात धरूच नये.

वेगवेगळ्या तळ्यांत तुलना करणार असाल तर प्रत्येक गटाला किमान तीन तळी द्या. शेजारशेजारच्या दोन तळ्यांत एकच बीज सोडलं तरी वजनात १०-१५ टक्के तफावत सहज येते. तेवढीच तर आपली एका पिढीची मिळकत असते.

हापावाली

मोठा मासा मोठा का झाला, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

एकाच तळ्यात दहा-पंधरा दिवसांच्या फरकाने निघालेलं बीज एकत्र सोडलं, की आधीच्या खेपेची पिल्लं सुरुवातीलाच मोठी असतात. सोडताना एक बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) २ ग्रॅमची आणि दुसरी ५ ग्रॅमची असेल तर हा फरक आपोआप भरून निघत नाही, वाढतच जातो. मोठी बोटुकली खाद्यावर आधी पोचते, लहानीला हुसकते, आणि काढणीला सर्वांत मोठी म्हणून हातात तीच येते. म्हणजे निवड झाली जन्मतारखेची.

दुसरं कारण खाद्य टाकण्याची पद्धत. एकाच कोपऱ्यात आणि कमी खाद्य टाकलं की दांडगाई करणारे मासे वाढतात. पुढच्या पिढीत दांडगाई वाढली तर तळ्याचं एकूण उत्पादन वाढेलच असं नाही, कारण एकाने मिळवलेलं दुसऱ्याचं गेलेलं असतं. निवडीच्या तळ्यात खाद्य चार-पाच ठिकाणी आणि पोटभर द्यावं.

आधीच्या टप्प्यांवर कमी गर्दी ठेवा. जिरे (नुकतीच उबलेली पिल्लं) आणि अर्धबोटुकली दाट वाढवल्या की चढाओढ तिथेच सुरू होते आणि पुढची सगळी मोजमापं बिघडवते.

जनुकरेषा

हापावालींच्या मुद्द्याला माझंच उदाहरण लावून बघू. विचलन २०० ग्रॅम म्हणजे विचरण (विचलनाचा वर्ग) ४०,०००, त्यातलं जनुकांचं १०,०००. म्हणून गुणांक ०.२५. आता वयाच्या फरकाने तेवढंच आणखी ४०,००० विचरण आलं. जनुकांचा वाटा १०,००० च राहिला, गुणांक घसरून ०.१२५ झाला. विचलन मात्र २०० वरून २८३ वर गेलं.

वरचे ५ टक्के आता सरासरी १३८३ ग्रॅमचे निघतील, पहिल्यापेक्षा १७१ ग्रॅमने जड. आणि मिळकत? १०३ ऐवजी ७३ ग्रॅम. तळ्यात विषमता जितकी जास्त, निवडलेले मासे तितके दिमाखदार आणि पुढच्या पिढीचा फायदा तितका कमी. हा हिशोब प्रत्येक बीजकेंद्रावर भिंतीला लावण्यासारखा आहे.

शेवाळ

७३ चा हिशोब वाचून थबकलो. माशाचं वजन तेवढं बघितलं तर हे कधीच लक्षात येणार नाही.

कल्ले

आता अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या माशांचा मेळ. मासा लाखोंनी अंडी देतो हेच इथे अंगाशी येतं. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते, त्यामुळे मूठभर जोड्यांत अख्ख्या केंद्राचं बीज निघतं आणि पुढचे प्रजनकही त्यातूनच ठेवले जातात.

किती पालकांचा वाटा खरोखर मोजला जातो, ती परिणामी संख्या. परिणामी संख्या = ४ × नर × मादी ÷ (नर + मादी). ६० माद्या आणि ६ नर वापरले, तर मासे दिसतात ६६ पण परिणामी संख्या भरते जेमतेम २२. दर पिढीला अंतःप्रजनन वाढतं १ ÷ (२ × परिणामी संख्या), म्हणजे सुमारे २.३ टक्के. पाच पिढ्यांत साधारण ११ टक्के. सावत्र भावंडांचा मेळ लावला तर पिल्लांत १२.५ टक्के येतं, यावरून कल्पना करा. तेच ६६ मासे ३३ नर आणि ३३ माद्या असे घेतले असते तर दर पिढीला पाऊण टक्काच वाढलं असतं.

अंतःप्रजननाचा पहिला फटका वाढीपेक्षा जगण्याला बसतो: उबवण घटते, जिरे मरतात, वाकडे कणे आणि तोकडी कल्ल्यांची झाकणं दिसायला लागतात. वाढीतली घटही हळूहळू येतेच आणि निवडीची मिळकत खाऊन टाकते. तळेकाठ, "वाढ आहे तिथेच" या तुमच्या वाक्यात बहुधा दोन गोष्टी दडल्या आहेत: थोडी वर गेलेली आणि तेवढीच खाली आलेली.

वरचं सूत्र सगळ्या नरांचा वाटा सारखा आहे असं धरतं. तो सारखा नसतो. दोन-तीन नरांचं मिल्ट (वीर्य) एकत्र करून अंड्यांवर टाकलं तर बऱ्याचदा एकाच नराची शुक्रपेशी बाजी मारते. म्हणून अंड्यांचे सारखे वाटे करा, प्रत्येक वाट्याला एका नराचं मिल्ट द्या, फलन झाल्यावर मग एकत्र करा. भांडं आणि मिसळायचं पीस कोरडं हवं. पाणी लागलं की कार्प माशांच्या शुक्रपेशी जेमतेम मिनिटभर हलतात.

पाणकावळा

हे सगळं कागदावर ठीक. पण इस्रायलमध्ये मोआव आणि वोल्फार्थ यांनी सायप्रिनसवर पाच पिढ्या वाढीची निवड केली आणि वरच्या दिशेला काहीच हाती लागलं नाही, हे कुणी सांगत नाही. खालच्या दिशेला, म्हणजे हळू वाढणारे निवडले, तर वाढ घटली. शेवटी त्यांनी संकराचा रस्ता धरला. दोर-७० आणि युगोस्लाव्हियातलं नाशित्से या वाणांचा संकर तिथे चालला. हंगेरीतही सायप्रिनसची मजल संकरांवरच गेली. मग लहान केंद्राने निवडीच्या मागे लागावं कशाला? दोन वाण ठेवा, संकर करा, मोकळे व्हा.

जनुकरेषा

तो प्रयोग महत्त्वाचाच आहे आणि तो दाखला आणलात हे बरं केलंत. पण त्यातून निवड चालत नाही असं ठरत नाही. ज्या साठ्यावर निवड झाली तो आधीच अरुंद असेल, पिढ्यान्‌पिढ्या थोड्या पालकांवर चालत आलेला असेल, तर वर जायला जनुकीय विविधता उरलेली नसते. खाली जायला मात्र अंतःप्रजननही मदत करतं. शिवाय वैयक्तिक निवडीत चढाओढीचा तो गोंधळ असतोच. याच दोन संशोधकांनी चढाओढीचा वजनावर होणारा परिणाम खूप खोलात अभ्यासला होता. सुरुवातीच्या वजनाचा फरक नंतरच्या वाढीत कसा मिसळतो आणि तुलना करताना तो कसा वजा करायचा, याच्या पद्धती त्यांनीच बसवल्या.

संकराचा जोम खरा असतो. पण तो पहिल्या पिढीपुरता. संकरातूनच प्रजनक ठेवले की दुसऱ्या पिढीत तो निम्मा होतो. दरवर्षी दोन्ही शुद्ध वाण सांभाळून पुन्हा पुन्हा संकर करणाऱ्या केंद्राला तो उपयोगी. निवडीची मिळकत साठत जाते, संकराची साठत नाही.

मृगळ

संकराचा विषय निघालाच आहे तर नको असलेल्या संकराबद्दलही लिहितो. गोल हौदात रोहू, कटला, मृगळ यांचं प्रजनन एकाच वेळी केलं तर अंडी-मिल्ट एकमेकांत मिसळतात आणि संकर निपजतात. ते बऱ्याचदा प्रजननक्षम असतात. त्यांतले काही पुढे प्रजनक म्हणून निवडले जातात, आणि दोन पिढ्यांत "रोहू" म्हणून जो साठा आहे त्यात किती रोहू उरला हे सांगता येत नाही. निवड करायच्या आधी साठा शुद्ध आहे का, हे तपासायला हवं. तोंडाची ठेवण, ओठांची झालर, कल्ल्यांतले काटे बघून शंका येते. खात्री डीएनएने होते.

आणखी एक, नकळत होणारी उलटी निवड. चांगले वाढलेले मासे आधी विकले जातात, मागे राहिलेले लहान मासे प्रजनक होतात. मोठ्या प्रजनकाला प्रजननासाठी द्यायच्या संप्रेरकाची मात्राही वजनाप्रमाणे जास्त लागते, म्हणून हाताळायला सोपे, मध्यम मासे पसंत केले जातात. एकनाथ आणि डॉयल यांनी कर्नाटकातल्या कार्प बीजकेंद्रांचा अभ्यास करून १९९० मध्ये परिणामी संख्या आणि अंतःप्रजनन यांचा हिशोब मांडला होता. केंद्र बाहेरून नवे मासे आणत नाही, तेव्हा त्याच्या रोजच्या सवयीच निवडीचं काम करत असतात, ही गोष्ट त्यातून उघड झाली.

ऋतूच्या सुरुवातीला तयार झालेल्या पहिल्या माद्यांचंच बीज प्रजनकांसाठी ठेवलं, तर लवकर पक्व होण्याचीही निवड होते. लवकर पक्वता म्हणजे मांसाऐवजी गाभोळीवर खर्च. तळ्यात हे नको असतं.

शेवाळ

नर-मादीत मुळातच वाढीचा फरक असेल तर?

हापावाली

असतोच, आणि मोठा असतो. तिलापियाचा नर मादीपेक्षा बराच मोठा होतो. मादी वारंवार अंडी घालते, ती तोंडात उबवते आणि त्या काळात खात नाही. सायप्रिनसमध्ये उलट, मादी मोठी. सरसकट वरचे ५ टक्के काढले तर तिलापियात जवळजवळ सगळे नर हातात येतील. निवड नरांत वेगळी, माद्यांत वेगळी करायची.

रोहूचं लिंग काढणीच्या आकारात कळत नाही. ऋतू आला की नराचे छातीचे पर खरखरीत लागतात आणि पोटावर हलका दाब दिला की मिल्ट येतं. म्हणून काढणीच्या दिवशी वजन घेऊन वरचे वीसेक टक्के टॅग लावून वेगळे ठेवायचे, लिंग कळल्यावर प्रत्येक लिंगातून काढणीच्या नोंदीप्रमाणे निवडायचे. ऋतूत केलेलं वजन धरू नये, त्यात गाभोळी मोजली जाते.

तिलापियात आणखी एक सापळा. संप्रेरक खाऊ घालून नर केलेल्या बीजातून कधीही प्रजनक ठेवू नका. त्यांतले निम्मे जनुकांनी मादी असतात. अशा "नरा"चा मेळ मादीशी झाला की पिल्लं जवळजवळ सगळी माद्या, आणि त्यांची वाढ मंद. दोष मात्र बीजाच्या वाणावर ढकलला जातो.

प्लवंग

धागा छान चाललाय, एक बाळबोध प्रश्न विचारतो. वाढीचं जनुक शोधून तेच असलेले मासे का निवडत नाहीत? आणि वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घातलेला सामन आला होता ना?

जनुकरेषा

बाळबोध नाही, या विषयातला मोठा प्रश्न आहे. रोगप्रतिकारात कधीकधी एकच मोठं जनुक सापडतं. सामनच्या आयपीएन या विषाणूरोगात २००८-०९ मध्ये स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की प्रतिकारातला बहुतेक फरक २६व्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेमुळे आहे. ती खूण बघून निवड करता येते आणि केली गेली. वाढ तशी नाही. भूक, पचन, संप्रेरकं, स्नायू, पक्वतेचं वय, सगळ्यांवर शेकडो जागा थोडाथोडा परिणाम करतात. त्यामुळे एक खूण शोधून भागत नाही. हजारो खुणांचा एकत्र अंदाज घेणारी जनुकसंचयी निवड करतात आणि ती करायला मोजलेल्या माशांचा मोठा संदर्भगट लागतो.

बाहेरचं जनुक घातलेला तो सामन म्हणजे ॲक्वाॲडव्हांटेज. चिनूक सामनचं वाढ-संप्रेरकाचं जनुक आणि ओशन पाउट या माशाचा नियंत्रक तुकडा. अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला खाण्यासाठी मान्यता मिळाली. पण मला त्याहून बोलकं वाटतं ते डेव्हलिन यांच्या गटाचं २००१ चं काम. रेनबो ट्राउटमध्ये वाढ-संप्रेरकाचं जनुक घातल्यावर हळू वाढणाऱ्या रानटी वाणाची वाढ अनेक पटींनी वाढली. पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या पाळीव वाणात मात्र फारसा फरक पडला नाही. निवडीने तीच शारीरिक मजल आधीच बरीचशी गाठली होती, आणि तीही एकही बाहेरचं जनुक न घालता.

कल्ले

सामनवरून खाद्याचाही मुद्दा पुढे नेतो, म्हणजे पाणकावळा यांनाही पटेल. नॉर्वेत पाच पिढ्या निवडलेला सामन रानटी सामनशेजारी वाढवून बघितला. वाढ दुपटीहून जास्त, खाणं सुमारे ४० टक्के जास्त, आणि किलोभर वाढीला लागणारं खाद्य सुमारे २० टक्के कमी. एकेका माशाचं खाणं तळ्यात मोजता येत नाही, पण वाढीच्या निवडीबरोबर खाद्याचा वापरही सुधारतो. जलद वाढणारा मासा नुसतं जगण्यावर कमी दिवस खर्च करतो, हे एक कारण. म्हणजे बीज आणि खाद्य हे प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत.

मृगळ

तळेकाठ यांनी विचारलं होतं की नॉर्वेला आणि गिफ्टला जमलं ते कशामुळे. माझं उत्तर एका शब्दात: पाया.

नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४० नद्यांमधली सामनची अंडी गोळा करून सुरुवात झाली. सामनची पिढी चार वर्षांची, म्हणून चार समांतर साठे ठेवले. गिफ्ट १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालं, इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधून आणलेले रानटी मासे आणि तिथे पाळले जाणारे चार वाण घेऊन. आठही वाणांचे आपसांत सगळे संकर करून वेगवेगळ्या वातावरणांत वाढवले. संकराचा जोम सरासरीने थोडाच निघाला, म्हणून सगळ्यांतले चांगले मासे एकत्र करून निवड सुरू केली. पाणकावळा यांच्या संकराच्या मुद्द्याला हे थेट उत्तर आहे.

जयंती रोहूचंही तेच. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या अक्वाफोर्स्क संस्थेबरोबर १९९२ मध्ये काम सुरू केलं. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांमधला रोहू आणि पाळीव साठा असा पाया धरला. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, वाण जाहीर झाला म्हणून हे नाव. दर पिढीला सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास वाढ नोंदवली गेली.

दुसरी गोष्ट कुटुंबांची नोंद. एका नराचा दोन माद्यांशी मेळ, प्रत्येक कुटुंब वेगळ्या हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत), मासा १०-१५ ग्रॅमचा झाला की पोटात १२ मिलिमीटरचा पिट टॅग (ओळखक्रमांकाची चिप), आणि मग सगळे एकत्र तळ्यात. स्वतःच्या वजनाबरोबर भावंडांचं वजनही निवडीत धरलं जातं आणि एकाच कुटुंबातले किती घ्यायचे यावर मर्यादा ठेवता येते. हाप्यांच्या फरकामुळे कुटुंबाच्या सरासरीत खोट येऊ शकते, म्हणून प्रत्येक हाप्यात सारखीच पिल्लं ठेवावी लागतात.

पाणकावळा

गिफ्टमधला संकराचा निकाल मला माहीत नव्हता. तिलापियापुरतं मान्य. सायप्रिनसबाबत मी संकराच्या बाजूनेच राहीन.

पण मग लहान केंद्राने करावं काय? माझं मत स्पष्ट आहे: निवड मूळ केंद्राने करावी, बाकीच्यांनी तिथून सुधारित प्रजनक आणून बीज वाढवावं आणि ठरावीक काळाने पूर्ण साठा बदलावा. त्याच बीजातून स्वतःचे प्रजनक ठेवत राहिलं, की कल्ले यांनी सांगितलेलं २.३ टक्क्यांचं गणित तिथेही लागू होतं.

हापावाली

जिथे सुधारित साठा मिळतो तिथे हेच बरोबर. मिळत नसेल तर तिलापियासाठी एक सोपी, टॅगविना चालणारी रीत आहे: कुटुंबांतर्गत निवड आणि फिरता मेळ. फिलिपिन्समध्ये फास्ट हा वाण याच रीतीने घडवला.

वीस कुटुंबं, वीस हापे. प्रत्येक हाप्यातल्या पिल्लांची संख्या सारखी. प्रत्येक कुटुंबातला सर्वांत मोठा नर आणि सर्वांत मोठी मादी निवडायची, शिवाय दोन-दोन राखीव. पहिल्या कुटुंबाचा नर दुसऱ्याच्या मादीला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, विसाव्याचा पहिल्याच्या. भावंडांचा मेळ होतच नाही. प्रत्येक कुटुंबाचा वाटा सारखा असल्याने ४० पालकांची परिणामी संख्या ८० च्या आसपास जाते. तुलना हाप्यातल्या हाप्यात असल्याने हाप्याहाप्यांमधला फरक आड येत नाही.

मेळ लावताना नर मादीला जखमी करतो, म्हणून नराच्या वरच्या ओठाचा भाग कापायची रीत आहे. आणि सगळी कुटुंबं दहा-चौदा दिवसांच्या आत निघायला हवीत. उशिरा आलेलं कुटुंब राखीवमधून पुन्हा लावा.

जनुकरेषा

उत्तम रीत. किंमत एवढीच, की कुटुंबांमधला फरक वापरलाच जात नाही. वरच्या उदाहरणाच्या आकड्यांनी मिळकत १३ ऐवजी ७ टक्क्यांच्या जवळ येते. पण खात्रीचे ७ टक्के.

तळेकाठ

सगळ्यांचे आभार. रोहूसाठी सगळं जुळवून असं मांडतोय, चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

तीन वेगळ्या ठिकाणांहून आणलेले, शुद्धता तपासलेले ३० नर आणि ३० माद्या. तीन दिवसांच्या आत सगळ्या जोड्या, प्रत्येक मादीला एकच नर. प्रत्येक कुटुंबाचे ५०० जिरे मोजून एकाच तळ्यात. मधे प्रतवारी नाही, विक्री नाही. ठरलेल्या वयाला सगळ्यांचं वजन. वरच्यांतून ३० नर, ३० माद्या. शिवाय सरासरी वजनाच्या माशांचा नियंत्रण गट.

कल्ले

जिरे मोजणं फसवं असतं. एका कुटुंबाचे ८० टक्के जगतील, दुसऱ्याचे २०. पंधरा-वीस दिवस प्रत्येक कुटुंब वेगळ्या हाप्यात ठेवा, मग प्रत्येकी ५० मोजून एकत्र सोडा. १५०० होतात, पुरेसे आहेत.

जनुकरेषा

कल्ले, त्याने हाप्याचा परिणाम आत शिरतो. पण पंधरा-वीस दिवसांपुरता तो चालवून घ्यावा, कुटुंबांचा वाटा विषम होण्यापेक्षा बरा.

खरी अडचण पुढे आहे. टॅगविना एकत्र सोडले तर निवडलेल्या ६० माशांतले ४० दोन-तीन कुटुंबांचे निघू शकतात, आणि ते कळणारही नाही. सगळ्यांची डीएनए तपासणी नको. काढणीला वरच्या १५० माशांचा पराचा दोन-तीन मिलिमीटर तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. ६० पालकांचा आधीच घेतलेला असेल. २१० नमुन्यांत पितृत्व लागतं, शंभर-दोनशे एसएनपी खुणा (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) पुरतात. मग एका कुटुंबातून दोन नर आणि दोन माद्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, आणि भावंडांचा मेळ टाळायचा.

या १५० माशांना त्याच दिवशी पिट टॅग लावा, नाहीतर नमुना कुठल्या माशाचा हे नंतर सांगता येणार नाही. हापावालींनी वरचे वीसेक टक्के म्हटलंय, म्हणजे १५०० जगले तर ३००. १५० मध्ये एखादं लिंग कमी पडलं, तर उरलेल्या १५० मधून भर घालता यावी म्हणून त्यांनाही टॅग लावून ठेवा. तपासणी लागेल तशी.

मृगळ

वजनाआधी २४ तास खाद्य बंद ठेवा, नाहीतर पोटातलं खाद्यही मोजाल. हाताळताना लवंग तेल, लिटरला ४० ते ५० मिलिग्रॅम, आणि मासा आडवा झाला की लगेच वजन. वाकडा कणा किंवा तोकडं झाकण असलेला मासा कितीही मोठा असला तरी बाद.

आणि निवडीचं तळं ज्यांना बीज द्यायचं त्यांच्या तळ्यासारखं हवं. भरपूर वायुवीजन आणि गोळीखाद्यावर निवडलेला मासा नैसर्गिक खाद्याच्या, मिश्र मत्स्यपालनाच्या तळ्यात पहिला येईलच असं नाही. दोन वातावरणांतला जनुकीय सहसंबंध (एकीकडे सरस ठरणारी जनुकं दुसरीकडेही कितपत सरस ठरतात, याचं माप; पूर्ण जुळलं तर १) ०.८ च्या खाली गेला की त्या दोन ठिकाणांसाठी निवडही वेगळी करावी लागते.

शेवाळ

नियंत्रण गटाशी तुलना करायला किती मासे लागतील?

जनुकरेषा

विचलन २०० ग्रॅम आणि अपेक्षित फरक १०० धरला तर प्रत्येक गटाचे १००, एकाच तळ्यात. फरकाची प्रमाण त्रुटी २८ ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे १०० ग्रॅमचा फरक स्पष्ट दिसेल. गटामागे ५० घेतले तर त्रुटी ४० होते, तेव्हा निकाल डळमळीत. जमलं तर तीन तळ्यांत करा.

हापावाली

टॅग नसतील तर पोटाखालचा पर कापून खूण करा. एका गटाचा डावा, दुसऱ्याचा उजवा, आणि पुढच्या तळ्यात बाजू उलट, म्हणजे कापण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा वाटला जाईल. दोन्ही गटांचा पर कापायचा, एकाचाच नाही. बुडापासून कापा. अर्धवट कापलेला पर परत येतो आणि काढणीला गट ओळखू येत नाहीत.